समोरची बिनवासाची लाँड्री

थोरलीच्या हातून निघाला नाही असा डाग त्या रस्त्यावर कुणी पाहिला नव्हता. शाई असो, गंज असो, मेण असो, नाहीतर लग्नाच्या कोटावर सांडलेला द्राक्षांचा रस असो, ती कपडा उजेडाकडे धरायची, अंगठ्याच्या नखानं डागाची कड हलकेच खरवडायची, एक थेंब पाणी टाकून तो पसरतो की तसाच बसतो ते बघायची आणि म्हणायची, “परवा या.” परवा म्हणजे परवाच. त्या दिवशी कपडा प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, हँगरवर, कोरा करकरीत लटकत असायचा आणि गिऱ्हाईक डाग कुठं होता ते शोधत बसायचं.

लाँड्री नावाला नवऱ्याची होती. मागच्या खोलीत एक मोठं यंत्र होतं. त्यात पाण्याऐवजी औषध घालून कपडे धुवायचे. पेट्रोलसारखा उग्र वास मारणारं औषध. ते यंत्र नवरा सांभाळायचा. माणूस सरळ, कामाला वाघ, पण बोलणं फार कमी, आणि जे बोलेल ते खरंच बोलेल. म्हणून त्याला शक्यतो काउंटरवर बसवत नसत.

धाकटी या घरात आली ती त्याच्या धाकट्या भावाची बायको होऊन. थोरलीनं तिला हाताशी धरून शिकवलं. शर्टाची कॉलर आधी, मग खांदे, मग मनगटं, पाठ सगळ्यात शेवटी. लोकरीवर इस्त्री टेकवायची नाही, नुसती वाफ द्यायची. धाकटी पटापट शिकली. इतकी पटापट, की वर्षभरात गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन विचारायला लागली, “धाकट्या बाई नाहीत का आज?” थोरली हसून म्हणायची, “आहे ना, बोलावते.” आणि आत जाऊन बोलवायला जरा वेळच लावायची.

बारा वर्षं असं चाललं. मग धाकटीच्या हातांवर पुरळ उठलं. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटापर्यंत. डोकं दुखायचं ते वेगळंच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्या औषधापासून लांब राहा. थोरलीनं ते ऐकलं आणि आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले. चिरलेले, कोरडे, नखांच्या मुळाशी पांढरे पडलेले.

“हे बघ. इतकी वर्षं झाली. मी गेले का कुठं?”

धाकटीनं ते हात उलटसुलट करून बघितले. मग हळूच म्हणाली, “तेच बघतेय, जाऊबाई.”

महिन्याभरात ती आणि तिचा नवरा वेगळे झाले. त्याचं थोरलीला फारसं काही वाटलं नाही. भाऊ भाऊ वेगळे होतात, त्यात काय नवल? पण त्यांनी जागा घेतली ती नेमकी समोरची. तिथं पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, कित्येक दिवस बंद पडलेलं. धाकटीनं भिंती घासल्या, चुना मारला, पाण्याची दोन जुनी यंत्रं आणून बसवली आणि दारावर पाटी लावली. पाटीवर चारच शब्द: “इथं कपड्यांना वास नाही.”

थोरलीनं आपल्या काउंटरवरून ती पाटी वाचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“म्हणजे आपल्याकडं वास आहे? अहो, ऐकलंत का? तुमच्या भावानं आपल्या नावानं बोर्ड लावलाय!”

नवऱ्यानं बाहेर येऊन पाटी वाचली. “आपलं नाव कुठंय त्यात?” म्हणाला आणि परत आत गेला.

थोरलीनं मनाशी ठरवूनच टाकलं की हे दुकान सहा महिन्यांच्या वर टिकत नाही. नुसत्या पाण्यानं आणि साबणानं कोट धुणार? लोकरीचा गोळा होईल, अस्तर आखडेल, खांदे पडतील, लोक भांडायला येतील. ती वाट बघत बसली. भांडायला कुणी आलं नाही. धाकटी कोट हातानं मोजून घ्यायची, गार पाण्यात, मोजक्या साबणात, यंत्र अगदी हळू फिरवून काढायची आणि ओला असतानाच लाकडी साच्यावर चढवून त्याला मापात ओढायची. मेहनत दुप्पट. पण कोट जसा आला तसा जायचा.

शिवाय तिची एक खोड होती. येईल त्याला ती मागची बाजू दाखवायची. “या ना, बघा,” म्हणायची. शेवटच्या खळबळण्याचं पाणी ती सोडून देत नसे. एका पिंपात साठवून पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरायची. वाळवायला गच्चीवर दोऱ्या होत्या, ऊन-वाऱ्याला. प्लास्टिकची कव्हरं नव्हतीच. जुन्या चादरींच्या पिशव्या शिवल्या होत्या. गिऱ्हाइकानं पुढच्या खेपेला पिशवी आणि हँगर परत आणायचा. कपडे पोचवायला तिचा नवरा सायकल घेऊन जायचा, मागं उभी पेटी बांधून. लोकांना हे सगळं बघायला आवडायचं. आपले कपडे कुठं जातात, कुठल्या पाण्यातून निघतात, हे त्यांना आजवर कुणी दाखवलंच नव्हतं.

“पर्यावरण म्हणे!” थोरली शेजारच्या शिंपीकाकांना म्हणायची. “उष्टं पाणी वापरते, जुन्या चादरी वापरते, नवऱ्याला सायकल हाणायला लावते. याला पूर्वी चिकटपणा म्हणायचे.”

शिंपीकाका सुईत दोरा ओवत म्हणायचे, “असेल, असेल.” पण त्यांनी स्वतःचे पडदे समोर धुवायला टाकले होते, हे थोरलीला माहीत होतं. तिला सगळंच माहीत असायचं. इस्त्रीचं टेबल तिनं आता खिडकीकडं तोंड करून लावलं होतं.

“उजेड चांगला येतो इथं,” असं तिनं नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे समोर कोण आत गेलं, किती वेळ थांबलं, हसत बाहेर आलं की नुसतंच, हे तिथून नीट दिसायचं. डॉक्टरीणबाई गेल्या. बँकेतले साहेब गेले. जे गिऱ्हाईक काल परवापर्यंत “तुमच्यासारखा हात नाही” म्हणत होतं, ते मान खाली घालून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, कपड्यांचं गाठोडं पोटाशी धरून जायचं. एकदा बघता बघता एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाचा कपडा जाळला. त्याचा दोषही तिनं मनातल्या मनात धाकटीलाच दिला.

मग तिनं ठरवलं की एकदा हिची परीक्षा बघायचीच.

रस्त्यावर डांबर पडत होतं. थोरलीनं नवऱ्याचा जुना राखाडी कोट काढला आणि त्याच्या बाहीला चांगला बोटभर डांबराचा डाग लावला. डांबर काढायचं तंत्र धाकटीला येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण ते तिनं तिला कधी शिकवलंच नव्हतं. कोट तिनं शिंपीकाकांच्या हाती दिला. “तुमचा म्हणून द्या. बघू या तरी काय दिवे लावते.”

“बाई, हे बरं दिसत नाही,” काका म्हणाले.

“बरं दिसायचं काम तिचं आहे. तुमचं फक्त द्यायचं.”

दोन दिवसांनी काका कोट घेऊन परत आले. थोरली टेबलामागून उठलीच. म्हणजे एक तर बाही ताणून कापड फाटलं असेल, नाहीतर डाग पसरून हातभर झाला असेल. पण कोट जसाच्या तसा होता, डागासकट. बाहीला धाकटीच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती: “डांबर. आमच्याकडं निघणार नाही, ओढाताण केली तर कापड जाईल. समोर जाऊबाईंकडं द्यावा, त्यांना येतं.”

“पैसेही घेतले नाहीत,” काका म्हणाले. मग त्यांनी पुढचंही सांगितलं. “कोट हातात घेतल्याबरोबर तिनं आतली कड उलटून बघितली आणि गालातल्या गालात हसली.”

थोरलीनं कड उलटली. तिथं लाल दोऱ्यानं घातलेली खूण होती; घरातल्या प्रत्येक कपड्यावर ती स्वतःच्या हातानं घालत असे. धाकटीनं हा कोट बारा वर्षं इस्त्री केला होता. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शरमेपेक्षाही तिला दुसरंच झोंबलं. त्या चिठ्ठीत एक वाकडा शब्द नव्हता. भांडली असती, टोमणा मारला असता तर सोसलं असतं. हा मोठेपणा सोसवेना.

त्याच आठवड्यात चष्मेवालीही समोर गेली.

चष्मेवाली म्हणजे पुढच्या चौकातल्या अतिथिगृहाची व्यवस्थापक. जाड भिंगांचा चष्मा लावायची म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. चाळीस खोल्यांचे पडदे, पांघरुणं, टेबलावरची कापडं, सगळं वर्षानुवर्षं थोरलीकडं यायचं. ती स्वतः सांगायला आली, एवढं मात्र खरं. “राग मानू नका. लहान मुलं घेऊन पाहुणे येतात, पांघरुणाला वास येतो म्हणतात. आणि हल्ली लोक विचारतात हो, तुम्ही काय वापरता, कुठं धुता. समोरच्या बाईंचं मी सगळं फिरून बघितलं. मला सांगायला सोपं जातं.”

त्या दिवशी थोरली जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रंगाऱ्याला बोलावलं. दुकानाची पाटी हिरवीगार झाली. एका कोपऱ्यात पान काढलं, दुसऱ्या कोपऱ्यात थेंब. मधे मोठ्या अक्षरांत: “निसर्गाची काळजी घेणारी एकमेव लाँड्री.” प्लास्टिकची कव्हरं तीच, पण आता त्यांच्यावरही हिरवं पान छापून आलं. मागच्या खोलीतलं यंत्र जिथल्या तिथं घरघरत होतं.

“आपण काय काळजी घेतो?” नवऱ्यानं विचारलं.

“तुम्ही यंत्र बघा.”

पाटीनं काम केलं. तीन-चार जुनी गिऱ्हाइकं परतली, आणि आठवड्याभरात चष्मेवालीही खुशीत आत आली. “वा! तुम्हीही बदललंत म्हणायचं. चला, मला बघू द्या एकदा मागची बाजू.”

“मागं पसारा आहे हो,” थोरली म्हणाली. “आणि मी जरा...”

पण ती काउंटरवरचं गाठोडं बाजूला सारेपर्यंत चष्मेवाली पडदा सारून आत गेलीसुद्धा. आत नवरा यंत्राच्या तळाचा काळा गाळ बादलीत काढत होता.

“हे काय आहे?” चष्मेवालीनं नाकाला रुमाल लावला.

“गाळ. औषधाचा.”

“मग याचं पुढं काय करता?”

थोरली त्याच्याकडं डोळे वटारून बघत होती. हातानं खुणाही करत होती. पण त्याला खुणा कधीच कळल्या नव्हत्या.

“मागच्या नाल्यात टाकतो,” तो म्हणाला.

जाताना दारात थांबून चष्मेवालीनं वर त्या हिरव्या पाटीकडं एकदा बघितलं, आणि ते बघणं थोरलीला चार शिव्यांपेक्षा जड गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला ही गोष्ट माहीत झाली. परतलेली तीन-चार गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मान खाली घालून नव्हे, तर चांगली ताठ मानेनं.

थोरलीनं नवऱ्याशी चार दिवस अबोला धरला. त्याला तो तिसऱ्या दिवशी कळला.

अशातच मुलगी आली, पाच महिन्यांचं बाळ घेऊन, पंधरा दिवस राहायला. घर जरा हसतं-खेळतं झालं. थोरलीनं नातीसाठी स्वतः विणलेली पिवळी लोकरीची शाल काढली. बाळाला त्यात गुंडाळलं की ते नाक चोळायचं, कुरकुरायचं. “नवी लोकर टोचते,” थोरली म्हणाली, “एकदा धुतली की मऊ पडेल.” मुलगी “बरं” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्री करता करता थोरलीचं लक्ष समोरच्या गच्चीकडं गेलं. दोरीवर पांढरे पडदे होते, पिशव्या होत्या, आणि त्यांच्यामधे ती पिवळी शाल वाऱ्यावर हलत होती.

इस्त्री बाजूला ठेवायचं भान तेवढं तिला राहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं तो रस्ता ओलांडला. समोरच्या दुकानात ती कधी शिरली नव्हती. काउंटर, पिंप, काही बघितलं नाही. जिना चढून सरळ गच्चीवर. धाकटी दोरीशीच उभी होती, तोंडात कपड्याचे चिमटे धरून.

“ही इथं कशी आली?”

धाकटीनं चिमटे तोंडातून काढले. “लेकीनं आणून दिली. सकाळी.”

“माझी स्वतःची लाँड्री असताना?”

“मी तिला म्हटलं, आईला विचार आधी. ती म्हणाली, काकू, विचारलं तर आई रडेल. आणि आईकडं धुतली तर वास जाणार नाही, बाळ घेणार नाही.”

“मी? मी कशाला रडू?” असं म्हणताना थोरलीचा आवाज चिरकला, आणि तो चिरकलेला धाकटीनं ऐकला, याचाच तिला जास्त संताप आला. “काय नाही दिलं गं तुला? इस्त्री कशी धरायची तेही येत नव्हतं तुला. सगळं शिकवलं. आणि तू माझ्या छातीवर येऊन दुकान मांडलंस. गिऱ्हाईक नेलंस, नाव नेलंस, आता माझी लेकसुद्धा?”

“सगळं शिकवलंत?” धाकटीचा आवाजही आता चढला. इतक्या वर्षांत थोरलीनं तो असा चढलेला ऐकला नव्हता. “डांबर शिकवलंत? गंज शिकवलात? जुनी शाई? बारा वर्षं मी बघत होते. असा डाग आला की तुम्ही माझ्याकडं पाठ करून उभ्या राहायचात. मी जवळ आले की कपडा झाकायचात. मला कळत नव्हतं?”

थोरलीनं नजर शालीकडं वळवली. कारण ते खरं होतं.

“आणि तुम्हाला वाटतं, मी इथं मजेत आहे,” धाकटी म्हणाली. “रोज चार माणसं परत पाठवते मी. हा डाग माझ्याच्यानं निघणार नाही, समोर जा. दरवेळी तुमचंच नाव घ्यावं लागतं. गोड वाटतं का मला ते? रात्री डोळ्यांसमोर तुमचे हात येतात. या बाईला जे येतं ते मला मरेपर्यंत येणार नाही, असं वाटून जळते मी.”

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघी जावा शालीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. थोरलीला त्या क्षणी काय वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. माया नव्हे, दयाही नव्हे. नुसतं गार वाटलं. दोन वर्षं आपण एकटेच जळत होतो असं तिला वाटत होतं. आता कळलं की पलीकडंही तेच होतं.

तिनं शाल दोरीवरून काढली आणि घडी घातली.

“लोकर इतका वेळ उन्हात ठेवू नये,” ती म्हणाली. “आखडते.” आणि जिना उतरली.

घरी आल्यावर तिनं शाल नाकाशी धरली. कसलाच वास नव्हता. मग तिनं कपाटातली स्वतःची साडी काढून हुंगली. तिलाही कसलाच वास येईना. मुलीनं बाळाला शालीत घेतलं. बाळ मुठी आवळून झोपून गेलं. थोरलीनं नवऱ्याला बाजूला बोलावलं.

“अहो, खरं सांगा. माझ्या कपड्यांना वास येतो?”

“येतो,” तो म्हणाला. “केसांनाही येतो.”

“कधीपासून?”

“पंचवीस वर्षं.”

“मग कधी बोलला नाहीत ते?”

“तू विचारलं नाहीस.” आणि मग, विचारलंच आहे तर सांगून टाकावं अशा आवाजात तो म्हणाला, “माझं डोकंही दुखतं. रोज. मला वाटायचं, वय झालं.”

थोरलीला भीती वाटली, थोडं रडूही आलं. पण त्या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट टोचत होती: धाकटीला हे दोन वर्षांपूर्वी कळलं आणि आपल्याला आज कळतंय.

“ते यंत्र बंद करा,” ती म्हणाली.

तिला नदी-नाल्यांचा पुळका आला म्हणून यंत्र बंद झालं, असं कुणी समजू नये. नंतर ती स्वतःच शिंपीकाकांना सांगायची, “मागं राहणं मला जमत नाही, एवढंच.” कारण काही का असेना, काम तिनं पुरतं केलं. यंत्र भंगारात गेलं. उरलेलं औषध आणि गाळाची पिंपं नेणारी माणसं शोधायला दोन महिने लागले. कार्यालयांत खेटे घालावे लागले, कागदांवर सह्या कराव्या लागल्या. नाला तर मागंच होता. पण या वेळी एक थेंब नाल्यात गेला नाही. तिनं पाण्याचं एक यंत्र घेतलं. धाकटीच्या यंत्रापेक्षा एका मापानं मोठं. आणि ती हिरवी पाटी स्वतः स्टुलावर चढून खाली काढली.

नवी पाटी काय लावायची यावर मात्र अडलं. धाकटीसारखं करायचं तर नक्कल होते. थोरलीला नक्कल नको होती. तिला धाकटीनं कपाळाला हात लावलेला बघायचा होता. तिनं महिनाभर रोज काही ना काही करून बघितलं. तेल चोळून डांबर मऊ करायचं आणि मग साबणानं ओढून घ्यायचं, हे तिला येतच होतं. ग्रीसवर खडूची पूड. गंजावर लिंबू आणि मीठ. मेणावर कागद ठेवून कोमट इस्त्री. जे डाग ती आजवर सवयीनं औषधाच्या यंत्रात ढकलत होती, तेही स्वयंपाकघरातल्या चार डब्यांनी निघत होते. वेळ जास्त लागायचा, हाताला रग लागायची, पण निघत होते. आणि नखांच्या मुळाशी कातडी पुन्हा भरून यायला लागली होती.

शेवटी पाटी लागली: “फेकण्याआधी दाखवा.”

म्हणजे धुणं घ्यायचंच नाही; नवं यंत्र डागाचा साबण काढण्यापुरतं. नुसते डाग, आणि डागाबरोबर विरलेलं, उसवलेलं, कसरीनं खाल्लेलं जे काही असेल ते. लोक कपडा कधी टाकून देतात? मळला म्हणून नव्हे. एक डाग निघत नाही म्हणून. थोरलीनं टेबल खिडकीत ओढलं, यावेळी समोर बघण्यासाठी नव्हे, तर लोकांनी तिला बघावं म्हणून. जी बाई बारा वर्षं पाठ करून उभी राहायची, ती भर रस्त्याकडं तोंड करून डाग काढायला लागली. लोक काचेबाहेर थबकायचे. आत यायचे. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या तळाशी गेलेला कोट घेऊन यायचे.

चष्मेवाली उशिरा आली, आणि सावधपणे. आधी पडदा सारून मागची खोली बघितली. तिथं आता पाण्याचं यंत्र होतं, डब्यांची फळी होती आणि नवरा एका स्टुलावर बसून बटणं लावत होता.

“हे पाणी कुठं जातं?” तिनं त्यालाच विचारलं. कुणाला विचारायचं ते तिला कळलं होतं.

“पिंपात. त्यानं फरशी पुसतो,” तो म्हणाला. मग आठवून म्हणाला, “परवा पिंप भरलं होतं, तेव्हा थोडं गटारात गेलं.”

चष्मेवाली हसली, आणि त्याच दिवशी तिनं साठ डागाळलेली टेबलावरची कापडं पाठवली. टाकून देण्यासाठी बाजूला काढून ठेवलेली. त्यातली चोपन्न परत टेबलांवर गेली. पाहुण्यांना ती आता स्वतःहून सांगायची की आमची कापडं आम्ही टाकत नाही, अमुक रस्त्यावर एक बाई आहे, तिच्या हातात जादू आहे. पाहुणे मुद्दाम बघायला यायचे. कोपऱ्यावर दोन मोठ्या लाँड्र्याही होत्या, सगळी यंत्रं असलेल्या; पण त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. या रस्त्यावर आता नाव दोनच: धुवायचं असेल तर इकडं, वाचवायचं असेल तर तिकडं.

एके दिवशी दुकानात माणसं उभी असताना थोरलीनं सहज मान वर केली. समोरच्या खिडकीत धाकटी उभी होती. हातात ओला कपडा तसाच, आणि नजर इकडं, रांगेवर. ओठ घट्ट मिटलेले. ते तोंड थोरलीनं लगेच ओळखलं. दोन वर्षं तेच तोंड तिनं आपल्या काचेत बघितलं होतं. तिनं मान खाली घातली आणि त्या दिवशीचा गंजाचा डाग असा काढला की गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवल्या.

पुढं दोघींत बोलणं सुरू झालं, पण अगदी कामापुरतं. धाकटी डागाचे कपडे चिठ्ठी लावून पाठवायची, थोरली डाग काढून धुवायला तिकडं पाठवायची. गंजाचं थोरलीनं तिला शिकवून टाकलं, समोर बसवून, हातात हात धरून. डांबराचं नाही शिकवलं. धाकटीनंही विचारलं नाही. पण थोरली डांबर काढताना ती काही ना काही निमित्त काढून दुकानात यायची, आणि थोरली न चुकता पाठ करून उभी राहायची.

उन्हाळ्यात धाकटीनं दुकानाच्या दारात एक खुर्ची आणि शिवणयंत्र मांडलं. तिचा नवरा त्यावर फाटलेल्या पिशव्या आणि उसवलेले खिसे शिवायला बसला. थोरलीनं खिडकीतून ते बघितलं.

“बघितलंत? नक्कल केली आपली!”

नवऱ्यानं मान वर केली. “तूही यंत्र बंद केलंस ते तिचं बघूनच.”

“ते वेगळं,” थोरली म्हणाली. “ती आठला उघडते ना दुकान?”

“आठला.”

दुसऱ्या दिवशी थोरलीनं साडेसातलाच शटर वर केलं.